बटण दाबण्याआधी

सोमवार, ३ नोव्हेंबर

कुरुंदवाडचं घर बंद करून कोल्हापूरला आले, फार बरं केलं. शिवाजी पेठेतल्या या दोन खोल्या मला पसंत आहेत. खाली तालमीची पोरं फुटबॉलवरून भांडतात, समोर धारोष्ण दूध मिळतं, आणि निवृत्त बाईने आता देवदेव करावा असं सुचवणारं अजून कोणी भेटलेलं नाही.

आज तर नवं कामही लागलं! नोकरीत असताना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या हाफिजाची मुलगी रुबीना इथल्या एका इस्पितळात क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजीची फेलोशिप करते. म्हणजे मोठ्या डिग्र्या घेऊन झालेल्या डॉक्टरांनी नसांतून आणि मेंदूतून वाहणारी वीज मोजायला नव्याने शिकायचं. साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांच्या नसा किती वेगाने निरोप पोहोचवतात, हा तिचा प्रकल्प. त्यासाठी तिला ‘नॉर्मल’ माणसं हवी आहेत. सासरच्यांनी जन्मभर जे प्रमाणपत्र दिलं नाही ते डॉक्टर देणार म्हटल्यावर मी लगेच गेले.

डाव्या मनगटावर एक दांडी टेकवून रुबीना बटण दाबते. चटका बसतो, अंगठा उडतो, आणि पडद्यावर शॉकच्या रेघेनंतर एक छोटा डोंगर उमटतो. माझा डोंगर सुरेख आला म्हणे. परवा पुन्हा बोलावलं आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज डोंगर रेघेच्या अलीकडे आला. म्हणजे चटका बसण्याच्या आधीच अंगठा उडाला. रुबीनाबरोबर शिकणारा यशराज गारगोटीचा. तो म्हणाला, मावशी, तुमचा अंगठा लई घाईचा हाय की, कुठं एसटी गाठायची हाय त्याला? सगळे हसले. मीही हसले. मग वायरी बदलल्या, मशीन बदललं, माझा हात कोमट पाण्यात बुडवून पाहिला. डोंगर आणखी अलीकडे सरकला.

विभागप्रमुख डॉ. उदयसिंह आले. माझ्याकडे न बघता पडद्याला म्हणाले, पेशंट घाबरून आधीच हात हलवतेय. मी पेशंट नाही, हे मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. कॉन्व्हेंटमध्ये छडीआधी हात मागे घेणारीला सिस्टर दुप्पट मारायच्या, ती खोड माझी तिसरीतच मोडली, हेही सांगितलं. त्यांनी रुबीनाला फर्मावलं की हे आर्टिफॅक्ट आहे, पुसून टाक, पुन्हा घे. आर्टिफॅक्ट म्हणजे मशीनने काढलेली खोटी रेघ. हात माझा, आणि खोटी रेघही माझीच!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बटण कधी दाबणार ते मला कळू नये म्हणून आज मध्ये पडदा लावला. रुबीना पलीकडे, यशराज माझ्या अंगठ्यावर नजर लावून. अंगठा उडाला. दाबलंस का, यशराजने विचारलं. अजून नाही, ती पलीकडून म्हणाली. मग चटका बसला, चांगला कळवळण्याइतका, आणि अंगठा ढिम्म. आपलं काम उरकून तो मोकळा झाला होता.

यशराज हसला नाही.

उदयसिंहांनी तेही पुसायला लावलं. रुबीना म्हणते, मावशी, एकदा नॉर्मल येऊ दे, मग सोडते. अगं, पुन्हा घेतलं की अंगठा आणि चटका यांतलं अंतर वाढतं! एवढं दिसत नाही तुम्हाला?

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी भाकरी थापताना अंगठा उडाला. दोनदा पटपट, जरा थांबून एकदा. भाकरी फाटली. दुपारी रुबीनाने तसेच चटके दिले. दोन पटपट, थांबून एक. अंगठा हलला नाही.

मी सकाळचं सांगितलं. उदयसिंहांनी विचारलं, झोप लागते का, एकटं वाटतं का. एकटं! मग म्हणाले, पुन्हा घ्या. मी वायरी उपटल्या आणि घरी आले. आता त्या दारात पाऊल टाकणार नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अंगठा आज सलग उडत होता, बराच वेळ. म्हणजे कोणीतरी बटण दाबणार. कोण दाबणार? मी जाणारच नाही. कडी लावली आहे. रुबीनाचे फोन वाजून वाजून थांबले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दूध आणायला उतरले आणि जिन्यात तोल गेला. तालमीच्या पोरांनी उचलून त्याच इस्पितळात नेलं. शुद्ध आली तेव्हा रुबीना माझ्या मनगटाशी. नस दुखावली का बघते, म्हणाली. चटके. सलग, बराच वेळ. अंगठा मेल्यासारखा.

उदयसिंह खूश. नसेला इजा झाली आहे म्हणून उत्तर येत नाही, म्हणाले. सगळं नियमात बसलं. मी ओरडले, तर झोपेची गोळी लिहून देऊन घरी पाठवलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज अंगठा नाही. छाती.

सकाळी पलंगावरून सगळं अंग वर फेकलं गेलं. आपटलं. पुन्हा. तिसऱ्यांदा फार उंच— मग काही नाही. ठोके नेहमीसारखे. उठून चहा केला. उभ्यानेच प्यायले.

रुबीनाला फोन केला. आर्टिफॅक्ट म्हणाली नाही. म्हणाली, मावशी, छातीवर शॉक आम्ही फक्त— आणि थांबली. वाक्य पूर्ण कर म्हटलं. रडायला लागली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दोघं सकाळीच आली. यशराजने बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं पेटीसारखं मशीन आणलं आहे. घेऊन जा म्हटलं, ते नसेल तर शॉक कशाने देणार? नको की मावशी, असू दे जवळ, म्हणतो.

उदयसिंहांचा फोन. रुबीनाला म्हणाले, नीट नोंद ठेव. आता! आता नोंद!

बरी आहे मी. फक्त घाम—

रुबीना, हे वाच. तीन शॉक दिल्यावर पडद्यावर काही उमटणार नाही. सरळ रेघ. थांबू नकोस. उत्तर काल येऊन गेलं आहे. काल तिसऱ्यानंतर मी उठले होते, चहा— म्हणजे मी आत असेन. ऐकत असेन. ते म्हणतील संपलं, चादर— त्यांना सांग, रेघ खोटी, मी अजून