आतली कडी

सॅल्फर्ड,
रविवार, १२ नोव्हेंबर २०२३

प्रिय कीथ,

‘प्रिय’ हात सवयीने लिहून गेला, फार मनावर घेऊ नकोस. तू बरा असशील. पॉलीनला मोरकंबचं वारं मानवत नाही असं ऐकलं. तिला सांग, जॅनिसने विचारलंय.

इथे सगळं ठीक. डॅडनी सकाळी कोटाला लाल कागदी फूल लावून टीव्हीवरचा हुतात्म्यांचा कार्यक्रम पाहिला. दोन मिनिटांच्या शांततेला खुर्ची धरून उभे राहिले, मी बसा म्हटलं तर डोळे वटारले. मग जेवायला भाजलेलं बीफ, बटाटे आणि तांदळाची खीर. “बीफ वातड झालंय गं,” म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तुझेच वडील ते, तुला काय नवीन सांगायचं.

बँकेचा कागद तुला मिळाला आहे आणि तू सही केलेली नाहीस. फोनवर म्हणालास, “मला त्या फ्लॅटमधून सोडव एकदाचा.” अरे, मी काय तुला बांधून ठेवलंय? फ्लॅटच्या कर्जावरचं तुझं नाव काढायचं तर नवं कर्ज हवं. नव्या कर्जाला इमारतीच्या भिंती आगीला सुरक्षित असल्याचा दाखला हवा. आणि भिंतीत भरलाय भडकन पेटणारा फोम. तो कोणाच्या खर्चाने काढायचा यावर बिल्डर आणि जागामालक चार वर्षं भांडताहेत. दुसऱ्या बँकेचा माणूस घर बघायला आला होता. चहा प्यायला, केक खाल्ला आणि किमतीपुढे शून्य लिहून गेला. डॅड म्हणाले, “शून्य? मग माझं घर विकून यात घातलेले पैसे कुठे गेले, ते विचारलंस का त्याला?” ते हसत होते. मला नाही हसू आलं.

आपली जुनी बँक मात्र दाखल्याशिवाय हप्ता कमी करायला तयार आहे, दोघांच्या सह्या असतील तर. या महिनाअखेरपर्यंतच. सही केलीस की तू आणखी दोन वर्षं अडकतोस, पॉलीनबरोबर घर घेता येणार नाही, हे मला कळतं. तरी मागतेय. हप्त्यात वाचेल तेवढ्यात मिसेस हेस्केथकडची खोली डॅडसाठी भाड्याने मिळते. तळमजल्यावरची आहे.

तळमजलाच का, हे तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. ती मी आता मोडतेय.

आग लागली तर दार लावून घरातच बसा, हा जुना नियम तुला आठवत असेल. भिंतीचं कळल्यापासून तो बदलला. आता भोंगा वाजला की सगळ्यांनी जिन्याने खाली उतरायचं. सप्टेंबरात तो वाजला. मी डॅडना धरून आठव्या मजल्यावरून निघाले. सहाव्यावर त्यांना धाप लागली आणि ते पायरीवरच बसले. लोक बाजूने उतरत होते. त्यांना तरी काय बोलू, कोणाच्या कडेवर पोर होतं, कोणाची आई हाताशी होती. डॅड म्हणाले, “तू जा, पोरी.” मी म्हटलं, “गप्प बसा,” आणि त्यांच्याजवळ बसले. शेवटी कोणाचा तरी पाव करपला होता एवढंच निघालं. पण ते कळेपर्यंत माझी नजर खालच्या पायऱ्यांवरच होती. मला मरायचं नव्हतं, कीथ. आणि ते त्यांना माझ्या तोंडावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानातून पितळी कडी घेऊन आले आणि आपल्या खोलीच्या दाराला आतून बसवली. हात कापतात, पण जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, एक स्क्रू वाकडा नाही. “वाऱ्याने दार आपटतं,” म्हणाले. मी विश्वास ठेवला. गेल्या आठवड्यात भोंगा पुन्हा वाजला. मी धावले तर दार आतून बंद. धक्के मारले, नाही नाही ते बोलले. आतून शांतपणे म्हणाले, “जॅनिस, आता तुला माझ्यासाठी थांबायला नको. उतर तू.”

तेव्हाही काही नव्हतं. मी दाराबाहेरच बसून होते.

ते बाहेर गेले की मी स्क्रू फिरवून कडी काढून टाकते. ते परत बसवतात. यावर आम्ही बोलत नाही. साखर संपली, पाऊस थांबला, एवढंच बोलतो.

त्यांना घेऊन जा असं मी म्हणत नाही. तुझ्याकडे जाता का, असं मी त्यांना विचारलं होतं, तर म्हणाले, “त्याला कशाला त्रास.” मला त्या क्षणी तुझा फार राग आला, आणि अजून आहे.

कागदाची दुसरी प्रत सोबत आहे. सही करायची तिथे पेन्सिलने फुली केली आहे. पाकिटाला तिकीट लावलंय, तुला फक्त पेटीपर्यंत चालायचंय.

खीर संपवून ते आत्ताच पडायला गेले. कडी सरकल्याचा आवाज आला.

तुझी आता कोणी नाही, पण त्यांची अजून सून,
जॅनिस