धुतलेला धूर

उचगाव, ता. करवीर
मार्च २००४

प्रिय शिवलीला,

तुझं पत्र आल्यावर संक्रांत गेली, शिवरात्रही गेली, आणि मी उत्तराला आत्ता बसलोय. रागावू नकोस. चांगली बातमी कळवावी आणि मग ती खोटी ठरावी, याचीच धास्ती होती. तुझी अव्वा रोज टोचायची, "ल्हिता येतंय न्हवं, मग ल्हिवा की!" पण हात धजत नव्हता.

आता धजतो. पोरी, आपल्या दारातला धूर गेला!

दिवाळीला तुझे डोळे सुजले, खोकून खोकून छाती दुखली. तुला न्यायला आलेल्या सासूबाई उंबऱ्यातच म्हणाल्या, हा धूर आहे तोवर सून इथं पाठवणार नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. आपल्या शेजारच्या भट्टीत दवाखान्यांच्या कचऱ्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्या नि नळ्या जळल्या की धुरात तेजाब तयार होतं. अव्वाची दोरीवरची लुगडी विरायची, परसातला शेवगा करपला होता. पण ती भट्टी पेटवणारा मीच, म्हणून ते बोलणं फार लागलं.

तू गेल्यावर मालकांनी धूर धुवायची टाकी बसवली. धूर खालून शिरतो, वरून चुन्याचं पाणी पडतं, आणि चुना तेजाबाला मारतो. सोमशेखर इंजिनिअर म्हणाले, "नागाप्पा, चुन्याचं तुमच्याकडं. गुऱ्हाळावर जन्म गेलाय तुमचा." मला कोण आनंद! पण धूर होता तसाच. पंपच खराब असेल, पाइप गळत असेल, वारंच वाईट असेल, अशा नाना शंकांनी मला जेवण जाईना. समोरचे हंबीरराव येता-जाता विचारायचे, "काय पावणं, आज कुणाचा घसा धरायचा?" गल्ली भट्टी बंद पाडायला निघाली होती.

शेवटी सोमशेखरांनी टाकीच्या पाण्यात निळा कागद बुडवला. लालभडक झाला. चुना घालता ना, म्हणाले. घालतो की, म्हटलं, आणि घालून दाखवला. अगदी उसाच्या रसाच्या काहिलीत सोडावा तसा, चिमटीनं, जपून. चुना जास्त झाला की गूळ काळा पडतो, ही भीती हाडात बसलेली ना. ते बघतच राहिले, मग पोट धरून हसले. "अवो, ह्या रसाचा गूळ कोण खाणार हाय? घमेल्यानं वता!" ओतला. पुन्हा नवा कागद बुडवला, तो निळाच्या निळा!

आता धुराड्यातून नुसती पांढरी वाफ निघते. तपासणीची माणसं यंत्रं लावून बघून गेली, पास म्हणाली. हंबीररावांनी चौकात माझ्या गळ्यात हार घातला, वर ओरडले, "आमच्या गुळव्यानं धूर धुतला!" मला लाज वाटली, पण छातीही फुगली. तरी जीव स्वस्थ नाही. चुन्याचा गाळ फवाऱ्यात अडकेल म्हणून पाणी फडक्यानं गाळतो. वीज गेली की पंप थांबेल, म्हणून भारनियमनाच्या वेळेत भट्टी पेटवतच नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. बापानं लिहावं की नाही, कळत नाही. तुला दिवस गेल्याचं जावईबापूंनी अव्वाला फोनवर सांगितलं. तुझ्या पत्रात त्याचं एक अक्षर नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. ते तू मागितलं नाहीस, आणि मी तरी कोणत्या तोंडानं बोलावणार होतो? आज बोलावतोय. आधी विहीणबाईंना एकट्या पाठव. भट्टी पेटलेली असतानाच येऊ देत, हवं तिथं उभं राहून श्वास घेऊ देत. नाही पटलं तर एक शब्द न बोलता जयसिंगपूरच्या एसटीत बसवून देईन. पण पटेल गं. अव्वानं तुझी खोली सारवूनसुद्धा ठेवली. त्या कधी येतात तेवढं लवकर कळव, शेजारच्या दुकानात फोन केलास तरी चालेल. तुझा निरोप येईस्तोवर मला काही सुचायचं नाही.

तुझाच,
अप्पा