पाण्यापलीकडचं डावं दार

रवि. ५ जाने.
पहिला डाव झाला. सासरे जेवणापासून चहापर्यंत जागचे हलले नाहीत, हेच नवल. आबांना मी असला फाशांचा खेळ शिकवेन असं कुणी सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

पुण्याच्या हॉस्टेलात खेळायचो तीच जुनी गोष्ट काढली. मी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातला एकेक गडी होऊन फासे टाकायचे. गुहा, चोर, लपवलेला माल. नवशिक्यांसाठीच लिहिलेली, पण नियम जुने. पहिला बाण लागला की माणूस खलास. म्हणून आठवडाभर नव्या नियमांत बसवत होते. नव्यात पडलेल्याला उठायची संधी असते. आकडेही उलटे. जुन्यात चिलखताचा आकडा कमी तितकं बरं, नव्यात जास्त तितकं. डोक्याचं भजं झालं. शेवटची पानं राहिलीच, ती जुन्या झेरॉक्सवरून वाचून दाखवली. कुणाला काय कळतंय.

व्यापाऱ्यांच्या गाड्या काढून मेंढरं घातली. तरी रेखा अडून बसली. (माझ्याच खात्यात काम करते, आटपाडीची, घरी मेंढरं.) "ताई, एवढा कळप आन् कुत्रं एक बी न्हाई? कोण इस्वास ठेवील?" घातली कुत्री. मेंढपाळाचं नावही तिच्या चुलत्याचंच निघालं, ते बदला, असं जाताना कानात म्हणाली. बदलते बाई.

आबा पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. खेळातला त्यांचा गडी सुभेदार. "निदान हितं तरी प्रमोशन घेतो."

संध्याकाळी नितीन शिरवळला नोकरीवर निघाला (नवरा रविवारचाच घरी असतो), तेव्हा जिन्यात हळूच म्हणाला, "लक्ष ठेव. काय विसरतात ते मला सांग." म्हणजे खेळ मी मांडायचा आणि हेरगिरीही मीच करायची. दिवाळीत आबा गावाहून मोटारसायकलवरून येताना पेठ नाक्यावर रस्ता चुकले, तेव्हापासून हे चाललंय. आबा म्हणतात, रस्त्याची कामं चालली होती, सगळं फिरवून टाकलंय. नि. म्हणतो, आयुष्य त्या रस्त्यावर गेलं. आबांना उन्हाळ्याआधी गावी परत जायचंय, एकटं राहायला. ते या एका गोष्टीवर अडलंय.

मंगळ. ७ जाने.
मोठी परात गायब. शेजारच्या काकूंनी नेली असणार. विचारलं तर "आमच्यात काय परातींचा दुष्काळ हाय?"

आबा दुपारभर गच्चीवर. मी वर गेले की हात झटकत खाली येतात. तंबाखू परत सुरू केली काय? वास तर येत नाही. माझं कामच संशयाचं. कुपवाडला कारखान्यात दिवसभर मापाचं गेज घेऊन माल तपासायचा, ओके की रिजेक्ट. घरी तरी सुटायला पाहिजे होतं.

शुक्र. १० जाने.
राहिलेली पानं एकदाची झाली. नवशिक्यांना वाहत्या पाण्यात उतरायला लागू नये म्हणून बरंच इकडचं तिकडं केलं. मेंढपाळ आता धुळा. झेरॉक्स फाइलला लावून ठेवली.

टेबलावरचे कागद हललेत असं वाटतंय. आबा आधीच वाचून घेतायत का?

रवि. १२ जाने.
वाचत नाहीत. वाचत असते तर बरं झालं असतं.

गुहेत शिरल्या शिरल्या आबा म्हणाले, "दार डावीकडं हाय. पाण्याच्या पल्याड."
म्हटलं, "उजवीकडं आबा. कोरड्या अंगाला."
"न्हाई गं. डावीकडं सांगितलंस तू."
कागद बघितला. उजवीकडंच. तसं सांगितलं. मग मेंढपाळालाही बिरू म्हणाले. धुळा म्हटलं तर माझ्याकडं बघत राहिले, आणि बारीक आवाजात, "मग माझंच चुकलं असंल."

नि.ने माझ्याकडं बघितलं. जाताना विचारलं, दोन्ही चुकलेच ना? मी हो म्हटलं. मोटारसायकलची किल्ली खुंटीवरून काढून घेऊन गेला. मी बघितलं आणि गप्प बसले.

बुध. १५ जाने.
आबांनी खुंटी बघितली, कपाट बघितलं, कोटाचे खिसे बघितले. मला काही विचारलं नाही. मग खाली जाऊन गाडीवरचं कव्हर पुसलं, नीट बांधलं. शेवटी विचारलंच, "किल्ली नित्यानं नेली व्हय?" म्हटलं, मला माहीत नाही. खोटं बोलले. लाज वाटली.

कामावरून आले तेव्हा घरभर करपल्याचा वास. दूध उतू जाऊन पातेलं काळं झालेलं. आबा टीव्ही बघत बसलेले, गॅस चालू. नि.ला सांगितलं नाही. का नाही सांगितलं कुणास ठाऊक. सांगायला तर ठेवलंय मला.

रवि. १९ जाने.
वाईट झालं.

नि.च्या सांगण्यावरून मी सोपं केलं होतं. परवलीचा शब्द भिंतीवरच लिहिलेला, चोरांचा म्हातारा आपणहून वाट सांगतो. आबा सगळ्याला "तू म्हणशील तसं." सुभेदार मुकाट पुढं जातो, मुकाट वार करतो. मग भाला लागून पडला. नव्या नियमात पडलेला लगेच मरत नाही, वीस बाजूंचा फासा टाकत राहायचा. दहा किंवा वर तीनदा आलं की वाचला, खाली तीनदा आलं की गेला.

आबांनी फासा हातात घेतला आणि टाकलाच नाही.
"हे एवढं सोपं माझ्यासाठी केलंस?"
"नवे नियमच तसे आहेत आबा."
"नियमाचं न्हाई म्हणत मी. तुझं म्हणतोय. ही परीक्षा हाय का माझी?"

नि. पाणी प्यायला उठला. रेखा फाशाकडं बघत बसली. आबा फासा ठेवून आत गेले. सुभेदार तसाच पडलाय, ना मेला ना जगला.

हे आबांना कुणी सांगितलं? रेखाला मी जेवणाच्या सुट्टीत बोलले होते. तीच असणार.

बुध. २२ जाने.
सांगितलं ते रेखानं नाही. कुणीच नाही.

वार्षिक सुट्टीतली एक टाकली होती. सांडगे वाळत घालायला गच्चीवर गेले. टाकीच्या मागं पोतं झाकलेलं. उचललं. खाली माझी परात, आणि परातीत वाळू. आमची गुहा. ओढा निळ्या रिबिनीचा, मेंढरं शेंगांच्या टरफलांची, कुत्री सुद्धा. पलटणीत कुठल्याही कामगिरीआधी वाळूत असा नकाशा करतात, हे आबांनी लग्नानंतर मलाच हौसेनं सांगितलेलं. साहेब बोलेल तसं मांडायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही.

दार डावीकडं. पाण्याच्या पल्याड.

खाली येऊन झेरॉक्स काढली. डावीकडं. पहिल्या डावाला मी जुन्यावरूनच वाचलं होतं. दार उजवीकडं नेलं ते मी. बिरूचा धुळा केला तो मी. दोन्ही नव्या पानांत, आणि कुणाला सांगितलंच नाही. रेखाला फोन केला तर म्हणते, "मला बी डावीकडंच वाटत हुतं ताई. पर तुमी कागदात बघून सांगताय म्हणून गप बसले."

कुपवाडात गेजच चुकीचं निघालं तर त्यावर रिजेक्ट केलेला सगळा माल परत तपासतात. इथं मी किल्ली नेऊ दिली.

एक अजून. उजव्या अंगाला वाळूत बोटानं एक भोक पाडलेलं होतं, आणि परत अर्धवट बुजवलेलं. म्हणजे माझं ऐकून आबांनी स्वतःवरच संशय घेतला होता. परत वर गेले, पोतं झाकलं आणि तिथंच बसून रडले.

गुरु. २३ जाने.
नि.ला फोन. सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग, "आणि दूध?"
दुधाचं मी बोलले नव्हते. काकूंवर संशय आला, वास त्यांच्याकडंही गेला असणार.
"कोण बोललं तुला?"
"आबांचा फोन आला होता त्याच दिवशी. म्हणाले, गॅस लावल्याचं मला आठवत न्हाई, तुझ्या कानावर असावं."

रवि. २६ जाने.
सकाळी आबा कोट आणि मेडल घालून शाळेत झेंड्याला जाऊन आले. दुपारी मी आणि नि.ने परात खाली आणून टेबलावर ठेवली. आबा बघत राहिले. "सापडली व्हय."

रेखा आली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आबा, दार डावीकडंच होतं. बिरूच होता. मी बदललं आणि विसरले."
"ठावं हाय मला. उशिरा ध्यानात आलं." वाळूतलं उजवं भोक त्यांनी अंगठ्यानं नीट बुजवलं. "पर दूध तुझं न्हवतं पोरी. त्ये माझंच."

नि.ने खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढं ठेवली. आबांनी ती उचलली, आणि वाळूत ठेवून दिली. डाव्या दारापाशी.
"आधी ह्या सुभेदाराचं काय त्ये बघू, मग किल्लीचं. आन् पोरी, आता सोपं करायचं न्हाई."

सुभेदाराचा फासा. चौदा. मग सहा. मग अकरा. मग तीन. दोनदा वर, दोनदा खाली. पुढचा शेवटचा.

आबा फासा मुठीत घेऊन बसले. चहा गार झाला. नि.ला शिरवळला निघायचं होतं, तो निघाला नाही.
"फुडल्या रविवारी टाकतो," म्हणाले. फासा कोटाच्या खिशात घातला आणि आत गेले.

परात टेबलावरच आहे. किल्लीही तिथंच, दारापाशी. आम्ही तिघंही येताजाता बघतो. उचलत कुणीच नाही.