शेवग्याखालची माती

श्री.

शके १७१५, प्रमादीनाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी. मी सोजरबाई, माळी दत्तोबा बोराटे यांची विधवा, राहणार कसबा पेठ, पुणे, हे पत्र लिहवून देते. पाय सुजले आहेत, जेवण जात नाही, पण डोके ताळ्यावर आहे. हे लिहवताना मला कुणी धाक घातलेला नाही. तेवढी छाती असलेला माणूस घरात नाही. यज्ञेश्वरपंतांनी माझ्या तोंडचे जसेच्या तसे लिहायचे कबूल केले आहे.

कलम पहिले. मला मूलबाळ उरले नाही, तेव्हा रीतीप्रमाणे वारस माझ्या दिराचा मुलगा बजरंग. कसब्यातले घर त्याने घ्यावे. पावसाळ्यात उत्तरेचा कोपरा गळतो. बजरंगने आपले अंथरूण तिथेच घालावे, म्हणजे दुरुस्ती लवकर होईल.

कलम दुसरे. तांब्याचा हंडा जाऊबाईंकडे आहे. लेकीच्या लग्नापुरता म्हणून नेला होता. त्या लेकीला आता नातवंडे झाली. तो मी त्यांना दिला. यापुढे मी दिसले की हंड्यावर पदर टाकायची गरज नाही.

कलम तिसरे. बैलजोडी, मोट, कुदळी आणि खुरपी शेजारच्या बागेतल्या मेहरुनबी बागवान यांना द्यावीत. बैलांपैकी तांबडा मारका आहे, पण तिचे ऐकतो.

कलम चौथे, नागझरीकाठचा मळा. याचे जरा लांबेल. यज्ञेश्वरपंत म्हणतात, "सोजरबाई, मृत्युपत्रात शेणाची गोष्ट कशाला?" पंत, शेणाचीच गोष्ट आहे. लिहा.

मेथीची जुडी मंडईत गेली की तिच्याबरोबर मातीतला कसही जातो. तो परत आणला नाही तर माती उपाशी पडते. दत्तोबा होते तोवर आमची गाडी भाजी घेऊन पेठेत जाई आणि रिकामी कधी परत येत नसे. ज्यांनी भाजी खाल्ली त्यांच्याच चुलीची राख, गोठ्यातले शेण, देठ, साली, देवळातले निर्माल्य, पागेतली लीद असे सगळे घेऊन येई. आणखी काय काय आणत असू, ते पंत लिहायला तयार नाहीत. वांगी मात्र मिटक्या मारत खातात. दिवाळी सरली की धनगर येऊन वाफ्यांत मेंढरे बसवी. आम्ही त्याला धान्य देत असू आणि मेंढरे मातीला लेंड्या देत. भाजी निघाली की हरभरा टाकायचा, कारण हरभऱ्यामागे माती आपोआप सुधारते. माझे सारे आयुष्य या येण्याजाण्यात गेले, आणि काय सुखाचे गेले हो!

आता पेठा वाढल्या. मावळातले गवत घोडी खातात, पण मावळाला परत काही जात नाही. लीद इथेच साचते, पावसात नागझरीत लोटली जाते, पाणी हिरवे पडते आणि मासे उलटे तरंगतात. शेणाच्या गोवऱ्या थापून वीटभट्टीत जाळतात. वाटेवर भट्ट्या झाल्यापासून धनगरही येत नाही. कार्तिकात मेंढरांचा आवाज ऐकू येईल म्हणून मी अजून दारात बसते.

बजरंगने आपल्या वाट्याच्या मळ्यातली माती भट्टीवाल्याला विकली. भाऊबंदांना न विचारता जमीन विकता येत नाही, म्हणून मी पंच बसवले. तिथे हा छाती पुढे काढून म्हणाला, "काकू, जमीन कुठं विकली? जमीन जिथल्या तिथं आहे. मी नुसती माती विकली." पंचांनी ठरवले की जमीन वेगळी आणि माती वेगळी. मी हरले. आज तिथे खड्डा आहे आणि खड्ड्यात बेडूक. भाजलेल्या विटेत मेथी उगवत नाही, हे कुणी पंचांना सांगावे?

माझा मळाही तो असाच खणणार, हे त्याने लपवलेले नाही. आणि माझ्या मळ्यात शकू आहे.

शकू आमची मुलगी. निजामाच्या मोगलांनी पुणे जाळले त्या साली ती रांगत होती. सारखी माती खायची आणि काढायला गेले की बोटाला चावायची, लबाड! आम्ही सिंहगडाच्या पायथ्याला पळालो. हाल झाले, माझे दूध आटले. परत आलो तेव्हा जळालेल्या घरांची राख मळ्यावर पसरली होती, आणि पाऊस पडताच माठाची भाजी कमरेएवढी वाढली. मातीला पोटभर मिळाले, माझ्या पोरीला नाही. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. दत्तोबांनी तिला बांधाशी पुरले आणि वर शेवगा लावला.

पहिल्या शेंगा लागल्या तेव्हा त्यांनी दोन तोडून आणल्या. मी भांडले, सूप फेकून मारले. ते म्हणाले, "अगं, पोर घरी आलीय. दारातनं परत पाठवतेस?" मग मी आमटी केली. आम्ही दोघे जेवलो आणि रडलो. तेव्हापासून दरवर्षी शेंगांची वाट पाहते. माणसे गेली की ओढ कमी होते म्हणतात. माझी झाली नाही.

म्हणून ठरवले ते असे. मळ्याची जमीन रीतीप्रमाणे बजरंगची. त्या जमिनीवरची सगळी माती, खडक लागेपर्यंत, मेहरुनबीची. पंचांचाच निवाडा आहे. तेच पंच खाली साक्ष घालतील. बजरंगने पेरावे, पिकवावे, खावे. मात्र एक पाटी माती हलवायची तर मेहरुनबीला विचारावे. ती हो म्हणणार नाही. बजरंगच्या खड्ड्याच्या कडा ढासळल्या तेव्हा पाटी घेऊन ती माती परत वाफ्यात टाकणारी ती एकटीच होती. मी विचारले तर म्हणाली, "आक्का, हिला अशी उघड्यावर कशी टाकू?" तिच्या बागेची लीद आणि राख तिने या मळ्यातही टाकावी.

शेवटचे कलम. माझे दहन नदीकाठी करावे. अस्थी संगमात सोडाव्यात, तक्रार नाही. राख मात्र पाण्यात लोटू नये. मेहरुनबीने ती शेवग्याच्या आळ्यात पसरून वर मोटेचे पाणी सोडावे. भाऊबंद नाके मुरडतील, मुरडू देत. त्या साली माझ्याजवळ तिला द्यायला काही नव्हते. आता माझ्यात जे काही उरले असेल ते तिला मिळू दे. पोर उपाशी गेली आहे.

सोजरबाई बोराटे, निशाणी खुरपे

साक्षी: हुसेन कागदी, पंच
साक्षी: रखमाजी कुंभार, पंच
बजरंग बोराटे, समक्ष ऐकले, कबूल. निशाणी नांगर
हस्ताक्षर यज्ञेश्वर जोशी

मुक्काम कसबा पेठ, पुणे