तक्रार इंग्रजीतच करायची

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं शोभत नाही, असं आई म्हणते. म्हणू दे तिला. मला राग आला आहे आणि तो तुमच्यावरच आहे. खरं तर तो ज्याच्यावर काढायला हवा होता तो माणूस समुद्रापलीकडे आपल्या थंडगार केबिनमध्ये बसला आहे, आणि त्याच्यासमोर माझं तोंड उघडलं नाही. का उघडलं नाही ते तुम्हाला सांगते.

आपल्या घरचा नियम तुम्हीच केला होता. सिकंदराबादच्या त्या दोन खोल्यांत मराठीत काय वाटेल ते बोलावं, पण मागणी किंवा तक्रार असेल तर ती इंग्रजीत, आणि बिनचूक. चूक झाली की "अर्ज नामंजूर" म्हणून तुम्ही पुन्हा ताटाकडे वळायचात. पाहुण्यांना याचं केवढं कौतुक! मराठी शाळेतले इंग्रजीचे मास्तर पोरीला वळण लावतायत म्हणून. मी सातवीत असताना शिवणाच्या बाईंनी दुसऱ्याच मुलीच्या खोडीसाठी माझ्या हातावर पट्ट्या मारल्या, तो दिवस तुम्हाला आठवणारही नाही. मला आठवतो. आई भाकरी थापते आहे, तुम्ही जेवायला बसला आहात, आणि मी सुजलेला तळहात पुढे करून रडत रडत सांगायला लागते. तुम्ही हात वर करून मला थांबवता. "इंग्रजीत सांग." मी सुरुवात करते, क्रियापद चुकतं. पुन्हा सांग. पुन्हा चुकतं. "आधी मनात वाक्य बांध, तपासून बघ, मग तोंड उघड," तुम्ही अगदी शांतपणे म्हणता. तुम्ही आवाज चढवला असतात तर बरं झालं असतं, निदान मला उलटून ओरडता आलं असतं. शेवटी मी म्हटलं, जाऊ द्या, काही झालं नाही. तेवढं मराठीत चाललं. आईनं माझ्या हाताला तेल लावलं आणि तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

आई घरात कधी काही मागायचीच नाही, कारण तिची शाळा चौथीपर्यंत आणि तुमचा नियम सगळ्यांना सारखा. पण बेगम बाजारात हीच बाई वेगळी व्हायची. मिरचीवाल्यानं वर चांगला आणि आत खराब माल दिला की पिशवी त्याच्या पुढ्यात उपडी करायची. "नक्को मियाँ, ऊपर का अच्छा दिखाके अंदर ये कचरा देरे? वापस लेव." अर्धं दखनी, अर्धं मराठी, मधेच एखादा तेलुगू शब्द, व्याकरणाच्या नावानं शून्य. तो मुकाट्यानं मिरची बदलून द्यायचा. तुम्ही मात्र चार पावलं लांब, आपण हिच्याबरोबर नाहीच अशा थाटात उभे. मीही तुमच्या बाजूला उभी असायची.

तुम्ही दुष्ट नव्हतात, हेही लिहिते. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगांत उकिडवे बसून तुम्ही माझ्यासाठी एक जाडजूड शब्दकोश शोधून काढलात, आणि बसमध्ये तो मांडीवर घेऊन घरापर्यंत मला शब्द वाचून दाखवत आलात. तुमचा चेहरा इतका आनंदी मी पुन्हा पाहिला नाही. त्या आनंदासाठीच मी इंग्रजीची शिक्षिका झाले, आणि त्याच इंग्रजीच्या जोरावर आखातातल्या एका कॉलेजात नोकरीला गेले. तिथं मोठ्या बायकांचा वर्ग मला मिळाला. कुणाची लग्नं झालेली, कुणाला मुलं. एबीसीपासून सुरुवात. गृहपाठ कधी होत नसे, तासाला निम्म्या उशिरा येत, भूतकाळ शिकवून घसा बसला तरी काल बाजारात गेलेली बाई माझ्या वर्गात 'यस्टरडे आय गो'च म्हणायची. मी वैतागून फळ्यावर खडू आपटायची. पण त्यांची तोंडं कधी बंद नव्हती. मुलाचा ताप, सासूची कटकट, नवऱ्याची बदली, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. हळूहळू त्या वाचायला लागल्या, अर्ज लिहायला लागल्या. तो वर्ग माझा होता, अप्पा. मी उभा केला होता.

मग इंग्लंडहून आमच्या विभागात शिकवायला एक पोरगा आला. त्यानं आधी कुठं शिकवलेलं नव्हतं. फळ्यावर स्पेलिंग चुकलं की हसून बाहीनं पुसायचा. मला मात्र सांगण्यात आलं की माझं इंग्रजी पुस्तकी आहे आणि उच्चार भारतीय आहेत. एके दिवशी सगळ्यांच्या देखत विभागप्रमुखांनी जाहीर केलं की माझा वर्ग पुढच्या सत्रापासून त्याच्याकडे. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का? म्हणायचं होतं! कितीतरी म्हणायचं होतं. आणि मी काय करत होते? वाक्य बांधत होते. कुठला काळ वापरू, कर्ता कुठं ठेवू, 'अन्याय' हा शब्द फार भडक होईल का, हे तपासत होते. वाक्य तयार होईपर्यंत त्यांनी फाइल मिटली होती. मी थँक यू म्हणाले. बिनचूक म्हणाले. सत्र संपलं तसा करारही संपला आणि मी हैदराबादला परत आले.

याला तुम्ही जबाबदार आहात. भाषा दिलीत, पण भांडायला बंदी घालून दिलीत. ज्या भाषेत रागावता येत नाही ती घेऊन मी करू काय? आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही, हाही तुमचाच सोयीस्करपणा.

परवा माझ्या फोनवर एक आवाजी निरोप आला. त्या वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी, तीन मुलांची आई. "टीचर, वुई ऑल गो टु बॉस. वुई से, व्हेअर अवर टीचर? ही से, न्यू टीचर मोअर गुड. आय से, यू नॉट आस्क अस. वुई नॉट सिट." मागून इतर बायकांचा गलका. विभागप्रमुख बधले नाहीत हेही तिनं सांगितलं, पण त्या दिवशी कुणीही वर्गात बसलं नाही म्हणे.

हे कागद कुठं पाठवणार? आईला वाचून दाखवणार नाही, तिला वाईट वाटेल. पण एक गोष्ट फक्त तुम्हालाच सांगण्यासारखी आहे, दुसऱ्या कुणाला कळायची नाही. तो निरोप मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या चुका मोजत होते. ती माझ्यासाठी भांडून आली आहे, हे मला दुसऱ्यांदा ऐकताना कळलं.