तिरडीवरून उठल्याबद्दल

चि. धीरज यास एडवणहून आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी जिवंत आहे, हे आधी लिही असं पत्र लिहून देणाऱ्या वैष्णवीला सांगितलं, कारण गावात काहींचा अजून विश्वास बसलेला नाही. तुझी तब्येत कशी आहे? रागावलास की जेवण सोडतोस, म्हणून विचारते.

डायरेक्शन सोडून पुन्हा मालिकेत जाणार, असं तू तुझ्या बहिणीला फोनवर म्हणालास म्हणे. जा बापडा. पण तिथे तू कोण होतास ते आठव. आधी दार उघडणारा हवालदार, मग बायकोला छळणारा जावई. (त्या वर्षी बोईसरच्या बाजारात एका बाईने मला अडवून विचारलं, "काय ओ आजी, नातवाला हेच वळण लावलं काय?" मी कोथिंबीर न घेताच परतले.) मग सिनेमात गेलास. सगळी आळी पालघरला तुला बघायला गेली, आणि तू मध्यंतराचे वडे यायच्या आत मेलास. आता कुठे स्वतःचा सिनेमा काढलास आणि त्यातली मेलेली आजी मीच हवी म्हणालास, तेव्हा मी ठेवणीतलं लुगडं काढलं.

आता चूक कुणाची ते शांतपणे ऐक. शूटिंगची बातमी फुटू नये म्हणून कोणाला सांगायचं नाही, हा हुकूम तुझा. अंगणात तिरडी, तिच्यावर मी, आणि रडायला सालवडहून आणलेल्या बाया. रस्त्यावरून जाणाऱ्याने काय समजावं? घटकाभरात भावकी जमली. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणींनी पिठलं-भात आणला. (तो तुझ्या माणसांनी मागच्या पडवीत दोनदा वाढून घेतला, तेव्हा कोणी कट म्हणालं नाही.) मी मात्र नाकावर माशी बसली तरी हलले नाही.

मग जयवंती आली. माझी धाकटी जाऊ, कुंपणावरच्या जामाच्या झाडापायी जिने माझ्याशी बोलणं टाकलं, ती. माझे पाय धरून म्हणाली, "बाय, आता मी कोनाशी भांडू? तुज्याशिवाय मला हाय कोन?" कॅमेरा चालू आहे हे मला ठाऊक होतं रे. पण दारात आलेल्या माणसाला नुसतं रडत कसं ठेवायचं? मी डोळे उघडून म्हटलं, "आधी बस. चहा घेतलास काय?"

ती किंचाळली, भाड्याच्या बाया पळाल्या, तू टोपी आपटलीस. "मेलेल्या माणसाने बोलायचं नसतं, आजी," एवढं म्हणून गाडीत बसलास.

अरे, हवालदार असताना तूही दार उघडायच्या आधीच साहेबांना आत या म्हणाला होतास. मालिकावाल्यांनी तुला हाकललं नाही, पुन्हा करून घेतलं. तू हाकलतोस तेही स्वतःलाच. ये परत. तिरडीचे बांबू जपून ठेवले आहेत. (शेजारचा नरहरी बोंबील वाळवायला मागत होता, दिले नाहीत.) या वेळी मी नीट मरेन.

तुझी आजी (अंगठा)

ता.क. जयवंतीने पुन्हा तोंड फिरवलंय. मी फसवलं म्हणते. सकाळी मात्र कुंपणावर जामांची टोपली असते.

ता.क. आणखी एक. "मी असं कायबी बोललेच नाय," असं ती गावभर सांगते. तेव्हा येताना कॅमेऱ्यातलं तिचं ते रडणं घेऊन ये आणि अंगणात जरा मोठ्याने लाव. सिनेमा पुरा झाला नाही तरी चालेल, पण तेवढं पुसू नको.