तांबडोबाची माती

प्रिय वृषू,

माती पाठवते आहे. पिशवीतच ही चिठ्ठी घालते, कारण फोन केला की तू प्रयोगशाळेत मशीनपाशी असतेस आणि मशीनपाशी आईशी बोलत नाहीत म्हणे.

आधी गावची बातमी. डिंभ्याच्या वरच्या वळणावर रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथल्या तांबड्या थरावर गेल्या वर्षी तू नमुन्याची खूण म्हणून केशरी स्प्रेने गोल काढून आत सातचा आकडा घातला होतास ना, त्याचा देव झाला. तांबडोबा. आपल्या शेजारच्या सुभाषभाऊंनी सातचा अर्थ सात पिढ्यांचं रक्षण असा लावला, वर पत्रे टाकले आणि स्वतःच पुजारी झाले. हे आमच्या वृषूने रंगवलंय, असं मी ओरडून सांगितलं. तर पूजेला आलेली साळुबाई म्हणाली, "तुज्या पोरीच्या हातनं देवानंच करून घेतलं व्हतं."

आणि नेमकी तिथलीच माती तुला परत हवी! पहिल्या मातीतले झिरकॉनचे दाणे पुरले नाहीत, मातीच्या वयाचा आकडा आला नाही तर पीएचडी लटकली आणि जर्मनीची नोकरीही गेली, म्हणून फोनवर रडलीस. पण देवाला कुदळ कोण लावू देणार? मग सुभाषभाऊंना चहा पाजला आणि तू शिकवलंस तसं समजावलं. दोन लाव्हांच्या मधल्या काळात राख पडली, ती या मातीत आहे. तिच्यातल्या बारीक दाण्यांत युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, दोन्ही मोजली की वय कळतं. साडेसहा कोटी वर्षं, चुकलं तर तीस हजार इकडेतिकडे. इतका वेळ मान डोलावणारा माणूस तिथे अडला. "तीस हजार? लई चूक झाली की, वैनी!" मी म्हटलं, भाऊ, तुम्ही साठीतच पाच वर्षं खाता. पण आपला देव पंचक्रोशीत सगळ्यांत जुना निघणार, हे डोक्यात शिरलं आणि गडी हरखला. अनवाणी जाऊन त्यांनी स्वतः खणून दिलं. वरच्या मातीत कुंकू मिसळलं होतं, म्हणून मी त्यांना हातभर आत शिरायला लावलं. उद्या नारायणगावचा कुरिअरवाला विचारेल, मावशी, बंगळूरला माती मिळत नाय का? त्याला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.

काल मी एकटीच तांबडोबापुढे नारळ घेऊन उभी राहिले. हसू नकोस. आकडा आला की तू जर्मनीला जाणार. नाही आला तर माती न्यायला तुला घरी यावं लागणार. गेल्या वर्षी आलीस तीही मातीसाठीच. काय मागावं ते तोंडातून निघेना. शेवटी आकडाच मागितला गं. नारळ फोडला, घरी आले आणि पोटभर रडले. एवढंच लिहायचं होतं, बाकी सगळं पाल्हाळ. इथली माती नको असली तरी घरी येत जा.

तुझीच,
आई